दगड निम्मा, पाय दुप्पट

मगदूम बाई,

तुम्ही आमच्या घरी आलात त्या वर्षी आमच्या अब्बांचे पाय गेले होते. निदान आम्ही घरातले सगळे तसं समजत होतो.

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या बोळातनं अब्बा सकाळी खांद्यावर घोडी घेऊन निघायचे. घोडी म्हणजे धार लावायची लाकडी चौकट. खाली पायानं दाबायची पावडी, मधे मोठं चाक, चाकावरनं वरच्या आसावर गेलेली चामड्याची वादी आणि त्या आसावर बसवलेला धारेचा दगड. विळ्या, सुऱ्या, शिंप्यांच्या कात्र्या, न्हाव्यांचे वस्तरे. आडनावच शिकलगार, तेव्हा दुसरं काय करणार. पूर्वी अब्बा दिवे लागायच्या वेळेला परत यायचे. त्या वर्षी भर दुपारीच यायला लागले. घोडी भिंतीला लावायचे आणि तिच्याशेजारीच बसून जायचे. अम्मा तव्यावर फडकं गरम करून त्यांच्या पोटऱ्या शेकायची. वय चाळिशीचं, पण स्वतःच म्हणायचे, "पाय म्हातारं झालं."

निम्म्या गल्ल्या सुटल्या, तसं निम्मं काम सुटलं. भाकरीबरोबर कालवण व्हायचं बंद झालं आणि मिरचीचा खर्डा तेवढा राहिला. शेजारी चपलांच्या वेण्या घालायचं काम चालायचं. वार्षिक परीक्षा झाली की मी तिथं बसायचं आणि शाळा बंद, असं ठरलं. कुणी आवाज चढवला नाही, कुणी रडलं नाही. आमच्या घरात नववीपर्यंत पोचलेली मीच पहिली होते, त्यामुळं आणखी पुढं काही असतं हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

तुम्ही कुठं जन्मलात, कुठं शिकलात, किती वर्षं शिकवलंत, हे शाळेच्या स्मृतिअंकात येईल. ते लिहिणारे माझ्यापेक्षा चांगलं लिहितील. मला तुमच्याशी बोलायचंय. आपलं एक भांडण अर्धं राहिलंय, आणि एक गोष्ट मला तुम्ही गेल्यावर कळली.

तुमच्या तासाला पोरी घाबरायच्या. पदर कमरेला खोचून तुम्ही वर्गात शिरायचात आणि पहिल्या वाक्यालाच कुणाची तरी झोप उडवायचात. त्या दिवशी तुम्ही दोरीला डस्टर बांधून डोक्याभोवती गरागरा फिरवायला लागलात. पुढच्या बाकावरच्या पोरींनी माना खाली घातल्या.

"माना वर करा. लागलं तर मलम देते," तुम्ही म्हणालात. "आता सांगा, दोरी तुटली तर डस्टर कुठं जाईल?"

"बाहेर," सगळ्या एका सुरात म्हणाल्या. "मध्यापासनं लांब."

"न्हाई बाई," मी म्हणाले. का कुणास ठाऊक, तोंडातनं गेलं.

"कोण ते? शिकलगार? उभी राहा. कुठं जाईल?"

"त्या वक्ताला जिकडं तोंड असंल तिकडं. सरळ."

"डस्टरला तोंड कुठलं गं, धारवाले," मागनं कुणीतरी म्हणालं आणि वर्ग हसला. धारवाली हे माझं शाळेतलं नाव होतं. त्याची मला सवय झालेली, पण तुम्हाला ते नवीन होतं. तुम्ही मागं वळून एकदा बघितलंत आणि हसणं थांबलं.

"सरळ कशावरनं?"

"ठिणग्या तशाच जातात बाई. सुरी दगडाच्या माथ्यावर टेकली की ठिणग्या समोर आडव्या जातात. मधनं बाहेर जायच्या असत्या तर वर उडून अब्बांच्या तोंडावर आल्या असत्या. अब्बा तर दगडावर वाकलेलं असतात."

तुम्ही डस्टर खाली ठेवलंत. मला वाटलं आता छडी. तुम्ही फळ्याकडं वळून एक वर्तुळ काढलंत, त्याच्या माथ्याला टेकून एक सरळ रेघ ओढलीत आणि वर लिहिलंत, रेषीय वेग. मग म्हणालात, "दिशा शिकलगारनं सांगितली. आता किती, ते काढूया."

बाई, त्या रेघेकडं मी बघत राहिले. ती रेघ मी जन्मल्यापासनं बघत होते. आमच्या बोळात संध्याकाळी ती रेघ जळायची आणि विझायची. तिला नाव आहे, ती पुस्तकात आहे, ती मोजता येते, हे मला त्या क्षणाला पहिल्यांदा कळलं. आमच्या घरातली एक गोष्ट पुस्तकात होती. याआधी आमच्या घरातलं काहीही कुठल्या पुस्तकात मी बघितलं नव्हतं.

किती ते काढायची रीत तुम्ही सांगितलीत ती अशी. चाक एकदा फिरलं की त्याच्या कडेवरचा बिंदू परिघाएवढी वाट चालतो. परीघ म्हणजे दोन गुणिले पाय, तो गणितातला π, गुणिले त्रिज्या. सेकंदाला जितक्या फेऱ्या, तितक्यानं ती वाट गुणायची. झाला रेषीय वेग. इतकं सोपं. पण मी तिथंच अडखळले. घरचा अभ्यास दाखवायला आले तेव्हा मी मोठ्या ऐटीत लिहून आणलं होतं की बारक्या चाकाचा वेग नेहमी जास्त असतो.

"हे कुणी सांगितलं?"

"दिसतंय की बाई. आमचा दगड झिजून बारका झालाय, तर आता पहिल्यापेक्षा गरागरा फिरतोय."

"फिरतोय. पण त्याची कड पळतेय का?"

"म्हंजे?"

"फेऱ्या किती आणि कडेनं वाट किती कापली, या दोन गोष्टी आहेत. भोवरा गरागरा फिरतो म्हणून गावाला पोचत नाही." मग तुम्ही वही मिटलीत. "दगड झिजून किती झालाय?"

मी हातानं दाखवलं.

"आणि पहिल्यांदा केवढा होता?"

मी दोन्ही हातांनी दाखवलं. तुम्ही माझ्या हातांकडं बघत राहिलात.

"परीक्षा झाली की शाळा सोडणार आहेस म्हणे. का?"

"अब्बांचं पाय गेलं बाई."

"कधीपासनं?"

"हळूहळू."

"संध्याकाळी येते तुझ्या घरी," एवढंच म्हणालात.

आमच्या बोळात सायकलवरनं बाई आलेली कुणी बघितलेली नव्हती. पोरं मागनं पळत आली. अम्मानं डोक्यावरचा पदर पुढं ओढला, घासूनपुसून ठेवलेला पितळी पेला पाण्यानं भरला आणि तुमच्यापुढं ठेवला. तुम्ही तो हातात घ्यायच्या आतच अब्बा आतनं आले.

"या बाई, बसा की. पोरगी मस्ती करायलीय काय शाळंत?"

"मस्ती केली असती तर सोपं होतं. गणित करायलीय. तिला शाळेतनं काढताय म्हणे?"

"काढत न्हाई बाई, थांबवतोय. चाक मारायचं म्हंजे पायात जीव पायजे. माज्या पायात ऱ्हायला न्हाई. खोटं कशाला सांगू?"

"चाक दाखवा बघू."

"सुरी-बिरी आणलाईसा काय?"

"नाही. जीभ आणलीय, तिला धार आहे. चाक दाखवा."

अब्बा हसले. कित्येक दिवसांनी हसले. त्यांनी घोडी बोळात काढली. तुम्ही पिशवीतनं तीच दोरी काढलीत, डस्टरची. दगडाला गुंडाळलीत, पट्टीवर मोजलीत. चव्वेचाळीस सेंटिमीटर परीघ, म्हणजे त्रिज्या सात. "पुस्तकातल्या गणितासारखं आलं," तुम्ही म्हणालात. मग घोडीकडं वाकून बघितलंत. दगडाखाली चौकटीची आडवी फळी होती. दगड आणि फळी यांच्यामधल्या जागेत तुम्ही हात घातलात. सगळा पंजा आत गेला.

"एवढी जागा कशाला सोडलीय?"

"सोडलेली न्हाई बाई. माज्या वडलांनी हा दगड बसवला. मी पयल्यांदा चाक धरलं तवा हितनं बोट जात नव्हतं."

तुम्ही आसापासनं फळीपर्यंत दोरी धरलीत. चौदा. सातच्या दुप्पट.

मग तुम्ही दगडावर खडूची खूण केलीत आणि मला मोठं चाक हातानं सावकाश एक फेरी फिरवायला लावलंत. तेवढ्यात दगड पाच वेळा फिरला. पावडी एकदा दाबली की मोठ्या चाकाची एक फेरी व्हायची. अब्बांना म्हणालात, रोज मारता तशी पावडी मारा. मनगटावरच्या घड्याळात तुम्ही बघत होतात आणि मी मोजत होते. सेकंदाला दोनदा.

"आणि पहिल्यांदा चाक धरलंत तेव्हा? हा दगड मोठा होता तेव्हा कसे मारत होता?"

अब्बांनी पाय सावकाश हलवून दाखवला. झोपाळ्यावर बसल्यासारखा. सेकंदाला एकदा.

गणित तुम्ही मला करायला लावलंत. आमच्या दाराच्या फळीवर, खडूनं. आताचा दगड: पावडी दोनदा, फेऱ्या दहा, परीघ चव्वेचाळीस सेंटिमीटर. सेकंदाला चारशे चाळीस सेंटिमीटर, म्हणजे चार मीटर चाळीस. खाली पूर्वीचा दगड: पावडी एकदा, फेऱ्या पाच, परीघ अठ्ठ्याऐंशी. गुणाकार केला आणि माझे हात थांबले. पुन्हा चारशे चाळीस आले होते. मी चुकले, वरचंच उत्तर खाली उतरवलं, असं वाटून मी ओढणीनं पुसायला गेले. तुम्ही माझा हात धरलात.

"पुसू नकोस. बघ."

मी बघत राहिले. दार तेच, खडू तोच, आकडेही तेच, एकाखाली एक. दोन वेगळ्या दगडांतनं एकच उत्तर आलं होतं.

"म्हंजे काय?" अब्बा म्हणाले. त्यांना वाचता येत नव्हतं, पण दोन ओळी शेवटाला सारख्या आहेत हे दिसत होतं.

"म्हणजे ठिणगी तेवढीच पळतेय," तुम्ही म्हणालात. "तेव्हाही आणि आजही. धार लागायला दगडाची कड जेवढी पळायला पाहिजे, तेवढी तुम्ही पळवताय. दगड झिजत गेला तसा त्याची तूट तुम्ही पायांनी भरत आलाय, रोज थोडी थोडी. तेव्हा पाय एकदा मारावा लागायचा, आता दोनदा. पाय गेले नाहीत तुमचे. दगड गेलाय."

मला वाटलं, झालं, सुटलं सगळं. पण अब्बांचं तोंड कडक झालं.

"दगड बदला म्हणताईसा."

"हो."

"आमच्यात दगड फुटल्याबिगार उतरवत न्हाईत. बापानं बसवलेला दगड हाय. उतरवायचा म्हंजे बापाला घरातनं बाहेर काढायचं."

"फुटेल तेव्हा फुटेल. तोवर तुम्ही फुटाल."

"बाई, शाळंचं गणित शाळंत ऱ्हाऊ द्या."

"शाळेचं नाही हे. तुमच्या पायाचं आहे." तुमचा आवाज चढला होता. मग तुम्ही थांबलात आणि जरा खालच्या आवाजात म्हणालात, "म्हातारा माणूस कामावरनं उतरला की त्याला कुणी घराबाहेर काढत नाही. ओट्यावर बसवतात. तसा बसवा."

तुम्ही हात झटकलेत, वादीचं तेल आणि खडू दोन्ही हातांना लागलेलं. अम्मानं पुढं होऊन पाण्याचा पेला तुमच्या हातात दिला. तुम्ही तो घेतलात, बोळाच्या तोंडाकडं बघितलंत. ऊन गेलं होतं. तुम्ही पेला तसाच परत ओट्यावर ठेवलात, "येते" म्हणालात आणि सायकल घेऊन निघालात.

अम्मा त्या भरलेल्या पेल्याकडं बघत उभी राहिली. तुम्ही दिसेनाशा झाल्यावर म्हणाली, आपल्या घरचं पाणी चालत नाही त्यांना. तिनं ते पाणी परत माठात ओतलं नाही. मोरीत ओतलं. बाई, त्यानंतर मी कितीदा म्हणाले, बाईंना ईदला बोलावूया, माझ्या निकालाला बोलावूया. अम्मा म्हणायची, शाळेत जाऊन दुकानातले पेढे देऊन ये, घरी नको. मीही तुम्हाला कधी विचारलं नाही. विचारायची हिंमत नव्हती, कारण उत्तर काय येईल याची भीती वाटायची.

अब्बांनी दारावरचं गणित पुसू दिलं नाही. दोन दिवस ते कामावरनं आले की दारासमोर बसायचे. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "ते परत सांग." मी सांगितलं. "पुना सांग." मी पुन्हा सांगितलं. मग त्यांनी स्वतःच्या शब्दांत म्हणून बघितलं, "दगड निम्मा, तर पाय दुप्पट." मी मान हलवली. ते उठले आणि चप्पल घालून उद्यमनगरला दगडाच्या दुकानाकडं गेले.

नवा दगड त्यांनी बसवला तेव्हा जुना हातात घेऊन बराच वेळ उभे राहिले. मग उंबऱ्याच्या आत, बसायच्या जागेशेजारी, पाटावर ठेवला. अजून तिथंच आहे. अम्मा विळी त्याच्यावरच घासते.

आणि नव्या दगडावर त्यांनी पहिली सुरी टेकवली ती घडी मी कधी विसरणार नाही. सवयीनं त्यांनी पावडी तशीच दाबली, सेकंदाला दोनदा. ठिणग्या पार समोरच्या घराच्या भिंतीवर जाऊन आदळल्या. समोरची म्हातारी ओरडली, "अरं घर जाळतोस काय?" अब्बांनी पाय हळू केला. आणखी हळू केला. झोपाळ्यासारखा. ठिणग्या पहिल्यासारख्या, ओळखीच्या, आडव्या जायला लागल्या. त्यांनी सुरी बाजूला ठेवली, स्वतःच्या दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवले आणि बसून राहिले. पाय त्यांचेच होते. कुठं गेलेच नव्हते.

"उद्यापासनं शाळंत जा," ते माझ्याकडं न बघता म्हणाले. परीक्षेला अजून वेळ होता आणि मी रोज शाळेत जातच होते. पण त्यांना काय म्हणायचं होतं ते मला कळलं.

बाई, आजही मला याचं नवल वाटतं. मोठं नवल. एक सूत्र, परीघ गुणिले फेऱ्या, ते माझ्या बापाच्या पोटऱ्यांत काय दुखतंय ते बघू शकलं. आम्ही एका घरात राहून बघू शकलो नाही. दगड इतका हळू झिजला की तो झिजतोय हे दिसलं नाही, फक्त माणूस झिजताना दिसला. गणिताला दोन्ही दिसत होतं. त्या दिवसानंतर मी कुठलंही सूत्र नुसतं पाठ करू शकले नाही. प्रत्येकाकडं बघून वाटायचं, याच्या पोटात कुणाचे पाय आहेत?

आता आपलं भांडण.

मी अकरावी सायन्सला गेले आणि तुमच्याकडं शंका घेऊन यायला लागले, तेव्हा तुम्ही मला ते सांगितलंत. रंकाळ्याच्या कडेनं आपण चाललो होतो, तुम्ही सायकल हातात धरलेली. तुम्ही सायकलच्या चाकाकडं बोट दाखवून म्हणालात, "आस जेवढ्या वेगानं पुढं जातो, त्याच्या दुप्पट वेगानं चाकाचा माथा जातो. आणि जमिनीला टेकलेला बिंदू त्या क्षणाला थांबलेला असतो. वेग शून्य."

"काहीतरीच बाई. चाक थांबलं तर सायकल पुढं कशी जाईल?"

"चाक थांबत नाही. तो बिंदू थांबतो."

"किती वेळ?"

"वेळ नाहीच."

"वेळच न्हाई तर थांबला कसा म्हणायचा?"

तुम्ही मला गणितानं दाखवलंत. आसाचा वेग पुढं, कडेचा रेषीय वेग खाली मागं, दोन्ही सारखे, वजाबाकी शून्य. मला गणित कळलं. कागदावर मी ते तुमच्यापेक्षा झटपट करायला लागले. पण पटलं नाही, आणि मी तसं तोंडावर सांगितलं. अब्बांच्या ठिणग्या मी बघितल्या होत्या, दगड आणि पाय बघितले होते. हे मला कुठं बघायला मिळालं नव्हतं. तुम्ही चिडायचात. "सगळं तुझ्या बोळात दिसणार आहे काय?" मी म्हणायचे, "दिसायला पायजे की." बी.एस्सी.ला गेले तरी हे चाललं. दर भेटीत तुम्ही विचारायचात, "पटलं का?" आणि मी म्हणायचे, "न्हाई."

शेवटी तुम्ही अंथरुणावर होतात. आवाज बारीक झाला होता. मी पायाशी बसले. तुम्हीच बोललात, "पटलं का?"

खोटं बोलावं असं एकदा मनात आलं. पण तुमच्याशी खोटं बोलायची सवय नव्हती. "न्हाई बाई."

तुम्ही हसलात. "बरं. पटेल तेव्हा सांग."

तुम्ही गेल्यावर पाचव्या दिवशी मी राजारामपुरीत तुमच्या घरी गेले. तुमच्या थोरल्या बहिणीनं, तुमच्या अक्कांनी दार उघडलं. मी नाव सांगितलं तर म्हणाल्या, "दगडवाली काय गं तू?" मला आधी कळेना. मग त्यांनी सांगितलं. "ती एकदा तुमच्या घरातनं अंधार पडल्यावर आली. दिवस मावळल्यावर आमच्यात जेवत नाहीत, ही तर पाणीसुद्धा घेत नव्हती. मी रागावले. म्हटलं, वेळेत निघायला काय झालं? तर म्हणाली, अक्का, गणित अर्धं टाकून कशी येऊ? तशीच झोपली. सायकल मारून घसा कोरडा पडलेला, पण सकाळपर्यंत पाण्याला हात लावला नाही."

बाई, जैनांच्या जेवणाचं आम्हाला ठाऊक होतं. कोल्हापुरात कुणाला ठाऊक नसतं? पाण्याचं ठाऊक नव्हतं.

अक्कांकडनं मी पायी निघाले. डोळ्यांपुढं तो पितळी पेला होता. रस्त्यानं एक टांगा माझ्या बाजूनं गेला, सावकाश दुडक्या चालीनं, आणि सहज माझी नजर त्याच्या चाकावर गेली. वरच्या आऱ्या दिसत नव्हत्या. नुसता पुसट पडदा. आणि खाली, जमिनीजवळ, आऱ्या वेगळ्या वेगळ्या दिसत होत्या. मोजता येतील इतक्या. त्याच चाकाच्या, त्याच वेळी. वर पळापळ आणि खाली जवळजवळ शांत. मी टांग्याच्या बरोबरीनं चालायला लागले, मग पळायला लागले, चाकाकडं बघत.

टांगेवाल्यानं लगाम ओढला. "ओ ताई, बसायचं हाय काय?"

"न्हाई. बघायचं हाय. तुमी चालवा."

"काय बघायचं हाय?"

"चाक."

त्यानं चाकाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "चाक निखळायलंय काय?"

"न्हाई, चांगलं हाय. हाका की."

त्यानं मान हलवून घोडा हाकला. मी नाक्यापर्यंत त्याच्यासोबत पळाले. माझ्या जन्मापासनं टांगे या रस्त्यांवर होते. प्रत्येक चाकाचा एक बिंदू प्रत्येक क्षणाला जमिनीवर थांबत होता आणि त्याच्यावर पाय रोवल्यासारखं बाकीचं सगळं चाक पुढं जात होतं. हे सगळं बघायला मोकळं होतं, कुणी झाकून ठेवलं नव्हतं. तुम्ही मला ते सांगितलं होतंत. मी फक्त वर बघत आले होते, जिथं पुसट होतं तिथं.

पटलं, बाई. तुम्ही सांग म्हणाला होतात, म्हणून सांगतेय.

घरी येऊन मी अम्माला पाण्याचं सांगितलं. ती विळी घासत बसली होती, जुन्या दगडावर. तिचा हात थांबला. आम्ही घरात बोलतो त्या बोलीत मग म्हणाली, "इत्ती दूर सायकल मारके आयी थी. प्यास तो लगी होंगी ना उसकू." उठली, फळीवरनं तो पितळी पेला खाली काढला आणि राखेनं घासायला बसली. कुणी येणार नव्हतं. तरी घासला, धुतला, पाणी भरलं आणि ऊन होतं तोवर ओट्यावर ठेवला.

अब्बा अजून घोडी घेऊन निघतात. नवा दगडही आता झिजायला लागलाय. दगड आणि फळीच्या मधनं बोट जायला लागलं की ते मला सांगतात, आणि आम्ही दोघं मोजतो.

आणि मी, जिची शाळा नववीत थांबणार होती, फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले, मग बी.एड. झाले. आमच्या घराण्यातली पहिली. यंदापासून वारणानगरला हायस्कुलात नोकरीला लागलेय. नववीच्या वर्गाला रेषीय वेग मी शिकवते.